पी... ढबाक!

पहिली हलगी मी टाचांनी ऐकली. चैत्र पौर्णिमा, वाडी रत्नागिरीचा डोंगर, जोतिबाचं आवार. पायात चप्पल नाही, खाली उन्हानं तापलेला दगड, दगडावर बोटभर गुलाल, आणि त्या गुलालातून ठोका वर चढतोय, पोटरीतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत. कानाला तो नीट कळेपर्यंत माझं अंग हलायलाही लागलं होतं. समोरून सासनकाठी येत होती. तीस फुटांहून उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर तुरा, चारी बाजूंनी दोर ताणून धरलेले गडी आणि मधोमध एकटा माणूस ती काठी तोलून नाचवतोय. खरंच नाचवतोय! हलगी दुडक्या चालीत आली की काठी दुडक्या चालीत, हलगी थबकली की एवढा मोठा बांबू जागच्या जागी थबकतो, तुरा तेवढा थरथरत राहतो. वरून गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे कोसळत होते, चांगभलंचा गजर डोंगरभर होता, आणि मी, त्रेचाळीस वर्षं कोल्हापुरात काढलेली बाई, भिंतीला टेकून रडत होते.

तो दिवस आणि आजचा दिवस, एक वर्ष होत आलं. या वर्षात मी जे ऐकलंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या घरात गाणं नव्हतं असं नाही. वडील गायन समाज देवल क्लबचे जुने श्रोते. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था, आणि वडील मला पाचव्या-सहाव्या वर्षापासून तिथं मांडीवर घेऊन बसायचे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून इथं आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं या गावात रुजलं, हे मला बाराखडीबरोबर शिकवलेलं. केसरबाई, मोगूबाई ही नावं आमच्या घरात आत्या-मावशांसारखी घेतली जायची. गाणं म्हणजे तंबोरे, पांढरीशुभ्र बैठक, समेला हललेल्या माना. हलगी म्हणजे वरातीचा आवाज. गल्लीत वरात आली की आई खिडकी लावून घ्यायची, पुढं मीही लावून घेऊ लागले.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर आहे. आमच्या शाखेतले शिपाई मामा माझ्याआधी लागलेले, बावीस वर्षं आम्ही एका छताखाली आहोत. त्यांना बोटं वाजवायची सवय. टेबलावर, फायलीवर, पाण्याच्या जारवर. मार्चअखेरीची धावपळ संपली, ताळेबंद जुळला, रात्री साडेनऊला आम्ही चारजण चहा घेत होतो आणि मामांची बोटं स्टीलच्या कपाटावर चालली होती. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की ही नुसती चाळवाचाळव नाही. त्यात बांधणी होती. एक तुकडा यायचा, मोडायचा, उलटा होऊन परत यायचा.

"मामा, हे काय वाजवताय?"

"काठीचं हाय म्याडम. यात्रा आली न्हवं."

"परत वाजवा की."

मामा हसले, बोटं मागं घेतली. "हितं न्हाई यायचं ते. या की डोंगराव. तितंच वाजतंय."

तितंच वाजतंय! या दोन शब्दांवर माझं सगळं वर्ष गेलं.

डोंगरावर मामा मला ओळखूच आले नाहीत. बँकेत खाकी शर्टात थोडे वाकून चालणारे मामा तिथं पांढऱ्या फेट्यात, गुलालानं माखलेले, ताठ. एका भिंतीच्या आडोशाला तिघं-चौघं कागद आणि काटक्यांचा जाळ करून बसले होते. मामांनी हलगी जाळापुढं धरली होती. लोखंडी कडं, त्यावर बकऱ्याचं चामडं ताणून बसवलेलं, आणि मामा ते जाळापुढं भाकरीसारखं फिरवत होते. मधूनच अंगठा चामड्यावर घासायचे, टिपरू एकदा मारायचे. थप्. परत जाळ. "गार हाय अजून." परत अंगठा, परत टिपरू. थप्. मी तिथंच उकिडवी बसले. चौथ्या-पाचव्या खेपेला टिपरू पडलं आणि टण्ण! जाळाभोवतीच्या सगळ्यांच्या माना एकदम वर. पितळी भांडं फरशीवर पडावं तसा लखलखीत आवाज, आणि तो त्याच चामड्यातून निघाला होता. मामा म्हणाले, "आता जागी झाली." तासाभरात आवाज उतरतो, मग परत जाळ. अलीकडं फायबरच्या हलग्या निघाल्यात, त्यांना ना जाळ लागतो ना पावसाचं भय. मामांकडं तीही आहे, आषाढासाठी. पण जोतिबाला चामड्याचीच.

मग उभे राहिले. हलगी पट्ट्यानं खांद्याला, डाव्या हाताच्या बोटांत एक लवचिक बारीक काडी, उजव्या हातात आखूड टिपरू. टिपरू ठोका देतं आणि काडी त्या ठोक्यांच्या मधल्या जागा भरत जाते, इतकी भराभर की काडी दिसतच नाही, तिथं हवेत नुसती एक धूसर रेघ दिसते. सोबत घुमकं, ते खालून घुमतं. वर कैताळ. या तिघांत आमच्या देवल क्लबात ऐकलेलं सगळं होतं हो! समेची वाट बघायला लावणं होतं, चकवणं होतं, दुगुण होती, एक जागा तर अशी आली की हलगी पूर्ण थांबली, घुमकं एकटं चार मात्रा चाललं आणि काठी हवेत तशीच उभी, आणि मग हलगी अशी कोसळली की शेजारच्या अनोळखी म्हातारीनं माझा दंड धरला. आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या.

घरी आल्यावर वैशाखात मामांना म्हटलं, आता शाखेत एकदा वाजवून दाखवा, मोबाइलवर घेते. वाजवलं त्यांनी, माझा शब्द मोडवेना म्हणून. आवाज होता, बोटं तीच होती. आणि तरी त्यात काठी नव्हती. मामांनाच ते जाणवलं. अर्ध्यात थांबले.

माझा भाचा टेनेसीत नोकरीला आहे. रविवारच्या फोनवर मी त्याला हे सगळं एका दमात सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, म्हणजे तुमचं कंट्री म्युझिक!" त्याला तिकडच्या गावाकडच्या गाण्याचं वेड लागलंय. त्यानं मला १९२७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. टेनेसीतल्या ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीअर नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं आसपासच्या डोंगरातल्या माणसांना गायला बोलावलं. नवरा, बायको आणि बायकोची मावसबहीण असं कार्टर कुटुंब आलं, आठवडाभरात जिमी रॉजर्स आला. घरात, चर्चमध्ये, शेताच्या बांधावर गायली जाणारी गाणी तबकडीवर चढली आणि त्यातून पुढं केवढा मोठा व्यवसाय उभा राहिला. भाच्यानं त्या तबकड्या ऐकवल्या. मेबेल कार्टरचं गिटार ऐकताना मला मामांची काडी आठवली, अंगठा चाल सांगतोय आणि बाकीची बोटं मधल्या जागा भरताहेत. मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडचं अजून काय काय आहे?"

आणि मला सांगता येईना. म्हणून मी ठरवलं, पुढच्या चैत्रापर्यंत जिथं जे वाजतं, ज्या दिवशी वाजतं, तिथं त्या दिवशी जायचं.

वैशाख मैदानांत गेला. कुस्तीच्या फडात हलगी असते हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण आता मी हलगीवाल्याकडं बघत बसले. त्याची नजर पैलवानांच्या पायांवर. खडाखडी चालू असताना तो नुसता टिचक्या देतो, पकड बसली की चाल चढते, आणि डाव पडायच्या आधी, हो, आधी, हलगीला ते कळलेलं असतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं!

आणि मग आषाढ. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात काय होतं हे बाहेरच्यांना सांगायचं तर असं, की पंचगंगेला नवं पाणी आलं की ते घागरी-कळशांतून भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि त्र्यंबोली देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. गल्ल्यागल्ल्यांची, पेठापेठांची यात्रा. आणि तिचं जे वाद्य त्याला आख्खं कोल्हापूर एकाच नावानं ओळखतं, पी ढबाक. पी म्हणजे पिपाणीचा तो लांब ओढलेला सूर, ढबाक म्हणजे ढोलावरची थाप. वाद्याचं नाव नाही, वाजवणाऱ्याचं नाही, रागाचं नाही. जे ऐकू येतं तेच नाव. पी... ढबाक! ज्या कुणाच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं त्या माणसाचा कान काय असेल!

मी घाटापासून टेकडीपर्यंत चालले. वर भुरभुर पाऊस, रस्त्यावर चिखल, पुढं डोक्यावर घागरी घेतलेल्या मुली, लिंबाचे डहाळे, आणि मागं पी ढबाक. पिपाणीचा सूर तंबोऱ्याशी जुळणारा नाही. तो दोन सुरांच्या मधल्या फटीत कुठंतरी राहतो आणि तिथून हलत नाही. आधी मला वाटलं, बेसूर आहे. दसरा चौक ओलांडेपर्यंत तसंच वाटत होतं. मग चढ लागला, घागरी जड झाल्या, मुलींची पावलं ओढायला लागली आणि पिपाणीवाल्यानं तो सूर असा काही ताणला की पावलं उचललीच पाहिजेत. तो सूर चढासाठी होता. ओझ्यासाठी होता. सपाट जमिनीवर बैठक मारून मी त्याची परीक्षा करत होते, तेव्हा कुठून कळणार?

त्याच महिन्यात आषाढी एकादशीला नंदवाळच्या वाटेवर दिंडीत चालले, टाळ-मृदंग ऐकला. त्याबद्दल इतरांनी इतकं सुंदर लिहिलंय की मी पुढं जाते.

श्रावणात मावशीकडं गेले. भोगावतीच्या काठचं गाव, मावशीचं वय अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, मावशी, जात्यावरच्या ओव्या सांग. मावशी म्हणाली, "कुठल्या ओव्या? मी इसरलो बाई समदं. गिरण आली गावात, तवापासनं कोण दळतंय?" दोन दिवस मी मागं लागले. एक ओळ सुद्धा नाही. खोटं नव्हती बोलत, खरंच तिला आठवत नव्हतं, कपाळाला आठ्या घालून बसायची. तिसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ म्हणाला, माळ्याखालच्या खोलीत जातं आहे, पोत्यांच्या मागं. पोती काढली. जात्यावर कोळ्याची जाळी, वरच्या पेडीचा खुंटा ढिला झालेला. धुतलं, पुसलं, खुंटा ठोकून घट्ट केला. पहाटे साडेपाचला मावशीनं पाय पसरले, मूठभर तांदूळ घातले, खुंट्याला हात लावला. तिच्या समोर मी बसले, माझा हात तिच्या हाताच्या वर खुंट्यावर.

दोन-तीन फेरे नुसती घरघर. दगडावर दगड, कोरडी. मग तांदूळ तुटायला लागले आणि घरघर जाड झाली, तिला एक सूर आला, आणि मावशीनं तो सूर उचलला. डोळे उघडेच होते, बाहेरच्या अंधाराकडं. जातं पुढं जाताना अर्धी ओवी, जातं मागं येताना अर्धी. श्वास घ्यायची जागा जात्यानंच ठरवलेली. अकरा ओव्या एकापाठोपाठ एक म्हटल्या तिनं, न अडखळता! भावाची वाट, माहेरचा ओढा, जोतिबाचा डोंगर, पंढरीचा विठ्ठल, तो सुद्धा पाठच्या भावासारखा मुराळी होऊन येणारा. सातव्या ओवीत माझ्या आईचं नाव आलं.

मी हात काढला. जातं थांबलं, मावशी थांबली.

ही ओवी आजीनं बांधलेली. आई लग्न होऊन गेली त्या वर्षीची. आजी रोज पहाटे ती म्हणायची, शेजारी बसून मावशीही म्हणायची, आणि मग गिरण आली. माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या नावाची एक ओवी पोत्यांमागं ठेवलेल्या दगडाला बांधून होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मावशी म्हणाली, "हात ठेव की. थांबलं की जातंय ते." ठेवला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. हा आकडा मी आधी वाचला होता आणि वाचून पुढं गेले होते. आता मला तो आकडा वाचवत नाही. लाखभर हात खुंट्यावर दिसतात.

गौरी-गणपतीत मावशीच्या गल्लीत झिम्मा, फुगडी, घागर घुमवणं, काटवट कणा, सूप नाचवणं. रात्री अडीचपर्यंत. घागर तोंडाशी धरून त्यात फुंकायचं आणि ती घूं करून बोलते, हे मी स्वतः केलं, दुसऱ्या दिवशी ओठ सुजले होते. पुढच्या वर्षी परत करणार.

आता पट्टणकोडोली. तिच्यावर मी वेगळं पुस्तक लिहू शकेन. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव, विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, दसऱ्यानंतरचे दिवस. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, आंध्रातून, गोव्यातून धनगर येतात. बसमधून उतरले आणि जग पिवळं होतं. रस्ता पिवळा, घरं पिवळी, म्हशी पिवळ्या, हवेत भंडारा इतका की श्वासाला हळदीची चव. शेकडो ढोल एकाच वेळी, त्यावर कैताळ, वर रंगीत छत्र्या गरगर फिरताहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून चालत आलेले फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक सांगतात, पाऊस कसा, पीक कसं, भाव काय. बाबांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी ते सगळे ढोल थांबतात. ती शांतताही मी या वर्षाच्या संगीतात धरते. एवढ्या मोठ्या माणसांच्या समुद्रात मला माझ्या बांगडीचा आवाज आला.

पण मला सांगायचंय रात्रीचं. जेवणं झाली, गर्दी पांगली, आणि घोंगड्या टाकून दोन-दोन, चार-चार माणसांची ओवी बसली. एक म्हातारा, फेटा, कानावर हात. तो ओवी उचलतो, मागचे झीलकरी त्याच्या शब्दाचं शेपूट पकडून ओढत नेतात, आणि ते ओढताहेत तोवर म्हाताऱ्याला पुढची ओळ सुचलेली असते. थोडं गायचं, मग तेच बोलून सांगायचं. गाण्यात देव, सांगण्यात घरचा माणूस. बिरोबाच्या जन्माची कथा चालली होती. मी दहाला बसले. मधे एकदा घड्याळ पाहिलं तर पावणेतीन झाले होते आणि कथेतलं बाळ अजून रांगतही नव्हतं! वही नाही, कागद नाही. मी शेजारच्या तरुण पोराला विचारलं, किती आहे हे सगळं? तो म्हणाला, "आज्ज्याला ठावं. मला चार रातीचं येतंय." ओळी नाही मोजत, पानं नाही मोजत. रात्री मोजतात.

हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोंथायमर याच ओव्यांसाठी वर्षानुवर्षं महाराष्ट्रात येत राहिले, धनगरांबरोबर माळरानं तुडवली, रात्री जागून टेपवर ओव्या घेतल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबांवर ग्रंथ लिहिला. १९९२ साली ते गेले. एक जर्मन माणूस त्या घोंगडीवर येऊन बसला होता, आणि पट्टणकोडोली माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. पण आता दुःख करायला वेळ नाही, मला अजून तीन रात्रींचं ऐकायचंय.

मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून यल्लम्माचे जग, म्हणजे देवीच्या टोपल्या, कोल्हापुरात परत येतात आणि ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. तिथं मी चौंडकं ऐकलं. काखेत धरलेला पोकळ नळा, तळाला चामडं, चामड्यातून निघालेली तार, दुसऱ्या हातात तिचं टोक. हात ताणला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. म्हणजे ते वाद्य बोलतं! प्रश्न विचारावा तसा सूर वर जातो, उसासा टाकावा तसा खाली येतो. जोगत्याचा आवाज आणि चौंडक्याचा आवाज, कुठला कुणाचा, मला काही वेळ कळेना. या गाण्यामागं फार दुःख आहे. देवाला सोडलेल्या मुलींचं आयुष्य काय झालं ते कोल्हापूर-गडहिंग्लजच्या लोकांनी जवळून पाहिलंय, त्याविरुद्ध चळवळ इथंच लढली गेली, महाराष्ट्रात २००५ साली कायदा झाला. प्रथा गेली पाहिजे, पूर्ण गेली पाहिजे. आणि चौंडकं राहिलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी, एकाच जोरानं हव्या आहेत.

तशीच मामांची गोष्ट. एकदा विचारलं, लग्नाच्या सुपाऱ्या घेता का? म्हणाले, घ्यायचो. एका गावात वरात पोचवली, चार तास वाजवलं, मग मंडपाबाहेर बसवून शेवटच्या पंगतीनंतर उरलेलं वाढलं. "त्या दिवशी घरी येऊन हलगी खुंटीला लावली म्याडम. आता फकस्त देवाला वाजवतो." हलगी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना जातीनं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि त्यांच्या ठेक्यावर मात्र सगळं गाव नाचलं. मी खिडकी लावून घ्यायचे, ती त्याच उंबऱ्याची आतली बाजू होती. मामांना मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डोंगरावरच्या दवण्याची वाळलेली काडी ठेवलेली होती.

शिवजयंतीला मर्दानी खेळ पाहिले, पोवाडे ऐकले. कोल्हापूर म्हणजे लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांचं गाव, त्यामुळं इथं पोवाडा ऐकायला येणारा माणूस चुकीला माफ करत नाही. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ चा, घटना ताजी असतानाचा. १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्रामांनी असे पोवाडे पुस्तकात छापले. ते पुस्तक मी वाचनालयातून आणलं आणि वाचता वाचता लक्षात आलं की मी मनातल्या मनात नाही, मोठ्यानं वाचतेय, आणि डावा हात मांडीवर डफाचा ठोका धरतोय.

आता फाल्गुन. आमच्या गल्लीतल्या पोरांनी होळीच्या टिमक्या आणल्यात, संध्याकाळभर बडवतात. मी खाली जाऊन त्यांतल्या एकाला टिमकी जाळापुढं कशी फिरवायची ते दाखवलं. त्यानं मारली, टण्ण वाजली, तो माझ्याकडं बघतच राहिला. मामांनी हलगीला नवं चामडं चढवलंय, ते उन्हात वाळतंय. यात्रेच्या दोन्ही दिवसांची माझी रजा मंजूर झाली आहे.

काल पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एवढ्या पहाटे फोन म्हणजे काळजात धस्स झालं. मावशी होती. श्रावणापासून ती रोज पहाटे मूठभर तांदूळ दळते. सून ओरडते, गुडघे दुखतात, तरी दळते. मागं जात्याची घरघर अजून चालू होती, म्हणजे एका हातानं फोन आणि एका हातानं खुंटा.

"आगं, तुझ्या आईची आनि एक गावली. लिवून घे बिगीबिगी, थांबलो तर जाईल."

मी उठून दिवा लावला.